माउली, हा घ्या तुमचा फोटो: जागेवर प्रिंट काढून द्यायची रीत

वारीत कॅमेरा बाहेर काढला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘माउली, फोटो पाठवाल ना?’ आपण ‘हो हो’ म्हणतो. नंबर घेतो, तो चुकीचा निघतो. बरोबर असला तर नातवाचा असतो आणि नातू पुण्याला असतो. कागदावर पत्ता लिहून घेतला तर पावसात शाई पसरते. असे पुष्कळ ‘हो’ फुकट गेल्यावर मी पिशवीत मावेल एवढा प्रिंटर घेतला. आता सासवडच्या मुक्कामी जाते ती फोटो काढायला कमी, वाटायला जास्त. हीच रीत गावच्या जत्रेत, हळदीला किंवा ट्रेकच्या वाटेवरच्या वाडीतही चालते.

आधी प्रिंटर कोणता ते ठरवा

बाजारात मुख्य प्रकार तीन. पहिला झिंकचा. झिंक म्हणजे ‘झिरो इंक’, शाई नाहीच. रंगाचे स्फटिक कागदातच असतात आणि प्रिंटरने उष्णता दिली की ते उमटतात. एचपीचा स्प्रॉकेट या जातीचा. कागद 2 बाय 3 इंचाचा, मागे चिकट. प्रिंटर हलका, प्रिंट कोरडी बाहेर येते, पण सावळ्या चेहऱ्यावरचे बारकावे जरा काळपट होतात.

दुसरा इन्स्टॅक्स. फुजीफिल्मचा ‘मिनी लिंक’ 2019 मध्ये आला. खरं तर हा छापत नाही. आत फिल्म असते, प्रिंटर तिच्यावर प्रकाश टाकतो आणि पुढचं काम रसायनं करतात. आधी पांढरं कार्ड बाहेर येतं आणि दीडेक मिनिटात त्यात चेहरा उगवतो. कार्ड 86 बाय 54 मिलिमीटरचं, त्यात फोटो 62 बाय 46चा. तिघांत दर फोटोमागे खर्च याचाच जास्त.

तिसरा डाय-सब. यात कॅसेटमधल्या पट्टीवरचा रंग उष्णतेने कागदावर चढतो. उदाहरणार्थ कॅननचा सेल्फी सीपी 1500 (नावाचा सेल्फी काढण्याशी संबंध नाही). हा पोस्टकार्डाएवढा फोटो पाऊण मिनिटात देतो. कागद चार वेळा आतबाहेर करतो: पिवळा, गुलाबी, निळा आणि शेवटी वर पारदर्शक थर. रंग सगळ्यांत चांगले आणि पाण्याचे थेंबही सोसणारे. पण यंत्र मोठं, बॅटरी वेगळी विकत घ्यावी लागते आणि साध्या पॉवर बँकेवर ते चालत नाही.

माझं मत विचाराल तर वाटेवर इन्स्टॅक्स, घरच्या कार्यात डाय-सब, मुलांच्या वाढदिवसाला झिंक. किंमत बघताना यंत्राची बघू नका. कागदाच्या पाकिटाची किंमत भागिले आतले कागद, हा हिशोब करा. यंत्र एकदाच घ्यायचं, कागद जन्मभर.

घरून निघण्यापूर्वी

ॲप घरच्या वायफायवर टाका, उघडा, लॉगिन करा आणि एक फोटो छापून बघा. छापायला इंटरनेट लागत नाही, फोन आणि प्रिंटर ब्लूटूथवर किंवा प्रिंटरच्या स्वतःच्या वायफायवर बोलतात. पण लाखभर माणसांच्या मुक्कामी मोबाइलचं नेट मेलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच ॲप पासवर्ड मागतं. प्रिंटरच्या वायफायला जोडल्यावर ‘इंटरनेट नाही’ म्हणून फोन स्वतःहून मोबाइल डेटावर उडी मारतो, म्हणून डेटा बंद ठेवा.

झिंकच्या पाकिटात दहा कागदांबरोबर एक निळं कार्ड येतं, ते फेकू नका. कागदांच्या खाली घालायचं असतं. ते आधी आत जातं आणि त्या पाकिटाचे रंग प्रिंटरला समजावतं.

इन्स्टॅक्सची फिल्म भरल्यावर पाकीट संपेपर्यंत मागचं झाकण उघडायचं नाही. मी एकदा ‘किती उरल्या ते बघू’ म्हणून उघडलं आणि उरलेल्यांवर उजेड पडून त्या वाया गेल्या. कोणताही कागद उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. शिवाय झिपवाल्या लहान प्लास्टिक पिशव्या, एक पंचा, आणि पावसाळा असल्यामुळे छत्री धरायला एक माणूस.

फोटो काढताना

चालत्या दिंडीला थांबवू नका. टाळ चालू असताना कुणी तुमच्या प्रिंटरसाठी पाऊण मिनीट उभं राहणार नाही, आणि राहू नयेही. विसाव्याला बसलेल्या किंवा राहुटीत पाय चेपत पडलेल्या माणसांकडे जा. आधी रामकृष्णहरी, मग चार शब्द, मग ‘फोटो काढू का? लगेच हातात देते.’ कॅमेरा त्यानंतर.

छोट्या प्रिंटचं गणित वेगळं असतं. 2 बाय 3 इंचात डोक्यापासून पायापर्यंत माणूस घेतला तर चेहरा हरभऱ्याएवढा येतो. मागे दिवेघाट कितीही सुंदर दिसो, त्याला या कागदावर जागा नाही. छातीपर्यंत घ्या, दोघं असतील तर डोकी जवळ आणा.

दुसरी गोष्ट कापाकापीची. मोबाइलचा फोटो सहसा 4:3 प्रमाणात असतो. इन्स्टॅक्स मिनीवर तो जवळपास पूर्ण बसतो, पण झिंक आणि पोस्टकार्ड 3:2च्या जवळचे. उभा फोटो त्यावर टाकला की दोन्ही बाजू कापल्या जातात. कडेला उभी असलेली जाऊ अर्धी होते, आणि ते यंत्राने केलं यावर घरात कुणाचा विश्वास बसत नाही. कडेला मोकळी जागा ठेवा.

पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि उन्हाने रापलेला चेहरा असेल तर मोबाइल बहुधा पांढऱ्याची काळजी घेतो आणि चेहरा काळा करतो. स्क्रीनवर बोट चेहऱ्यावर ठेवा, झाडाच्या सावलीत न्या. छापण्यापूर्वी उजळपणा थोडा वाढवा. स्क्रीन मागून उजळलेली असते, कागद नसतो. घरी दोन प्रिंट वाया घालवून हा आकडा एकदाच ठरवून टाका.

छापताना आणि देताना

डाय-सबला मागेही मोकळी जागा लागते, कारण कागद मागून बाहेर डोकावतो. मध्येच मुलं तो ओढू बघतात, तेव्हा यंत्र उंचावर ठेवा. धूळ याची वैरीण. एक कण बसला की पांढरा ठिपका उमटलाच.

इन्स्टॅक्सचं कार्ड बाहेर आलं की लोक ते झटकतात. झटकू नका, दुमडू नका. उलटं धरून पदराखाली किंवा टोपीखाली ठेवायला सांगा. ते दीड मिनीट माझ्या आवडीचं. चेहरा उगवेपर्यंत काय करणार? मग गाव कोणतं, दिंडी कितव्या नंबरची, घरी शेत कोण बघतंय, हे सगळं निघतं. थंडीत ही रसायनं रेंगाळतात, वारीच्या दिवसांतल्या हवेत मात्र मजेत चालतात.

फोटो हातात दिला की तो हरिपाठाच्या पुस्तकात किंवा पिशवीच्या तळाशी जातो. पावसातली वाट अजून बरीच असते. म्हणून पूर्ण उमटल्यावर कोरड्या झिपच्या पिशवीत घालूनच द्या.

‘किती झाले?’ असं विचारतातच. पैसे घेऊ नका. राजगिऱ्याचा लाडू पुढे केला तर तो मात्र नाकारू नका.

प्रिंट दिली म्हणजे तो फोटो फेसबुकवर टाकायची परवानगी मिळाली, असं नाही. ते वेगळं विचारावं, लहान मुलांच्या बाबतीत आईबापांना. आणि एक फारसं कुणी सांगत नाही: डाय-सबच्या संपलेल्या कॅसेटमधली पट्टी उलगडली तर तुम्ही छापलेला प्रत्येक चेहरा त्यात निगेटिव्हसारखा दिसतो. ती तशीच कचऱ्यात टाकू नका, कात्रीने तुकडे करा.

रांग

खरी परीक्षा इथे. एक फोटो हातात पडला की पाच मिनिटांत भोवती वीस जण. पहिल्या वर्षी माझ्याकडे वीस कागद होते, अर्ध्या तासात संपले. सगळ्यांत आधीपासून बाजूला उभी असलेली एक बाई, पुढे घुसायची सवय नसल्यामुळे, हात हलवत निघून गेली. तेव्हापासून सकाळीच कागद मोजते, एका राहुटीला एकच फोटो देते आणि शेवटचे पाच कागद पिशवीच्या वेगळ्या कप्प्यात ठेवते. ते मागणाऱ्यांसाठी नसतात. संपले की ‘संपले, माउली’ एवढंच. ‘नंतर पाठवते’ म्हणायचा मोह होतो, जीभ आवरा.

अपवाद एकच. म्हातारी माणसं कधी कधी पुरावा म्हणून फोटो मागत नाहीत, भिंतीसाठी मागतात. गेल्या खेपेला एका आजीने इन्स्टॅक्सचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, ‘एवढासा? ह्याला हार कसा घालायचा गं?’ अशा वेळी मी नातवाचा नंबर घेते, पण तिथेच उभं राहून मिस्ड कॉल देते. रिंग गेली तरच तो नंबर खरा. नेट मिळाल्यावर त्याच रात्री फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवते, कारण साध्या फोटोसारखा पाठवला तर तो दाबून लहान होतो. डॉक्युमेंटवरून तालुक्याच्या स्टुडिओत 8 बाय 12चा सहज निघतो. हे सगळं आजीला समजावलं, तर ती कार्ड कमरेच्या पिशवीत ठेवत म्हणाली, ‘सावकाश पाठव बाई. हाराला अजून अवकाश आहे.’