रूट कॅनलची लांबी मोजताना या चुका टाळा

आरव्हीजीवर, म्हणजे दाताच्या डिजिटल एक्स-रेवर, फाईल (कॅनल साफ करायची बारीक सुई) मुळाच्या टोकाला टेकलेली दिसली की आपण दंतवैद्य निर्धास्त होतो. पण कॅनलचं, म्हणजे मुळातल्या नळीचं, तोंड बहुधा मुळाच्या अगदी टोकावर नसतं, जरा बाजूला उघडतं, आणि एक्स-रेत ते दिसतही नाही. म्हणून टोकाच्या साधारण एक मिलिमीटर अलीकडे थांबायचं. टोकाजवळचं हाड झिजलं असेल तर दीड, मूळही झिजलं असेल तर दोन.

गेल्या वर्षी ऐन छाटणीत तासगावचे एक द्राक्षबागायतदार माझ्याकडे आले होते. खालची पहिली दाढ. पुढच्या मुळात दोन कॅनल, मी एक्स-रे मात्र समोरून एकच काढला. दोन्ही फाईली एकमेकींवर येऊन एकच रेघ दिसली आणि मी तीच लांबी दोन्हींना धरली. दोन दिवसांनी फोन आला, "डॉक्टर, भाकरी चावली की कळ जाते." त्यांना सांगलीला परत बोलावलं, एक्स-रे यंत्राची ट्यूब आडवी वीस अंश फिरवून पुन्हा एक्स-रे घेतला. फाईली वेगळ्या झाल्या. ट्यूबच्या दिशेला सरकलेली ती जिभेकडची, आणि तीच मुळाबाहेर गेलेली! त्या दिवसापासून दोन कॅनलच्या मुळाचा तिरका एक्स-रे मी कधीच चुकवत नाही.

तोंडात ठेवायचा एक्स-रे सेन्सर बोटानं धरला की चित्र लांबतं किंवा आखडतं. होल्डर वापरा, सेन्सर दाताला समांतर ठेवा. तरी लांबलंच तर हिशोब सोपा आहे: स्टॉपर (फाईलवरची लांबीची खूण करणारी रबरी चकती) 18 मिमीवर, चित्रात फाईल 20 आणि दात 23 दिसतो, तर दाताची खरी लांबी 18 गुणिले 23 भागिले 20, म्हणजे 20.7. कॅलिब्रेशन न करता, म्हणजे माहीत असलेल्या मापाशी जुळवून न घेता, स्क्रीनवरचा आकडा वाचणं म्हणजे खोट्या पट्टीनं मोजणं. आठ-दहा नंबरच्या अगदी बारीक फाईलचं टोक चित्रात हरवतं, निदान पंधरा नंबर घाला.

वरच्या दाढांवर गालाच्या हाडाची सावली पडते, तिथं अपेक्स लोकेटरशिवाय, म्हणजे मुळाचं टोक विजेच्या मदतीनं शोधणाऱ्या यंत्राशिवाय, भागत नाही. जपानी संशोधक सुनादा यांनी 1962 मध्ये मांडलेल्या विद्युत रोधाच्या तत्त्वावर या यंत्राचा पाया आहे. हल्लीची यंत्रं ओल्या कॅनलमध्येही चालतात, मात्र दातातली पोकळी हायपोक्लोराइटनं (कॅनल धुवायच्या द्रावणानं) भरलेली असेल किंवा फाईल दातात भरलेल्या चांदीला, धातूच्या कॅपला लागली की रीडिंग उड्या मारतं. पोकळी कापसानं टिपा, कॅनल ओलसर राहू द्या. आकडा स्थिर झाल्याशिवाय लिहू नका, आणि फाईल आत ठेवून एक एक्स-रे घ्याच.

नुसत्या लांबीसाठी सीबीसीटी (दाताचा त्रिमितीय स्कॅन) सांगू नका, रुग्णाला विनाकारण जास्त किरणं कशाला? आधीच काढलेलं असेल तर जरूर बघा.

स्टॉपर दाताच्या कुठल्या कंगोऱ्याशी टेकवला हे आम्ही आता केस पेपरवर लिहितो. तडकलेला कंगोरा आधीच घासून सपाट करतो, कारण तो मध्येच तुटला तर आधीचं माप वाया जातं. वाकडा कॅनल रुंद केल्यावर सरळ होऊन लांबी थोडी घटते. तिथं भरण्याआधी लोकेटर पुन्हा लावतो.