साखर वर-खाली होते? ताटाआधी सुई तपासा : इन्सुलिन घेताना या चुका टाळा

आईची साखर एक दिवस २८०, तर दुसऱ्या दिवशी ६५. जेवण तेच, इन्सुलिनचे युनिट तेच. आम्ही घरच्यांनी मात्र ठरवून टाकलं की ही चोरून काहीतरी खाते. तिचा भात बंद केला, सणाला पुरणपोळीचा घाससुद्धा दिला नाही. ती बिचारी गप्प बसायची.

पुढच्या तपासणीला नर्सताईंनी तिच्या पोटावरून बोटं फिरवली. बेंबीच्या उजवीकडे लिंबाएवढी गाठ होती. कित्येक वर्षं ती रोज त्याच जागी टोचत होती, कारण तिथे दुखायचं नाही. अशा गाठीतून इन्सुलिन कधी नीट शोषलं जातं, कधी तिथेच अडकून राहतं. तेव्हा आईला जे बोललो ते मला अजून सलतं, म्हणून हे लिहिते आहे.

एकाच जागी टोचणं

पोटाचे चार भाग समजा आणि दर आठवड्याला एक भाग वापरा. आधीच्या टोचणीपासून बोटभर अंतर सोडा. बेंबीला अगदी लागून टोचू नका. अंघोळीच्या वेळी साबणाचा हात फिरवून चाचपा, कारण गाठ पुष्कळदा दिसत नाही, हाताला लागते. सापडली तर दुसऱ्या जागी टोचायला लागण्याआधी डॉक्टरांना सांगा. चांगल्या जागी तेच युनिट जास्त लागू पडतात आणि साखर एकदम उतरू शकते, म्हणून डोस बहुधा कमी करावा लागतो. सुईही दर वेळी नवी घ्या. पैसे वाचवायला तीच सुई आठवडाभर चालवणारी घरं मी पाहिली आहेत. बोथट सुईने गाठी वाढतात.

सिरिंज आणि बाटली न जुळणं

ही चूक मला सगळ्यांत घातक वाटते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा ४० युनिट प्रति मिलीच्या असतात, पेनमधलं इन्सुलिन सहसा १०० चं. सिरिंजही दोन प्रकारच्या : ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजने '२०' पर्यंत भरलं, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. उलट झालं तर २० च्या जागी ५०, आणि तो जिवाशी खेळ आहे. दुकानात घाईत काय हातात दिलं ते काउंटरवरच वाचा, बाटलीवरचा आकडा सिरिंजवरच्या आकड्याशी ताडून बघा.

गढूळ दिसणारं इन्सुलिन भरण्याआधी तळहातांत हलकेच दहा वेळा फिरवा, मग दहा वेळा उलटसुलट करा. सरबतासारखं खदखदा हलवू नका. पेन असेल तर बटण दाबल्यावर दहापर्यंत मोजा, मगच सुई काढा.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे चालते, उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. गावी फ्रिज नसेल तर पाण्याच्या मडक्याचा गारवा कामी येतो, फक्त बाटली भिजू देऊ नका.

मीटरचा आकडा

आंबा चिरून तसंच बोट टोचलं तर आकडा फुगतो. साबणाने हात धुवा, पुसून कोरडे करा. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, पावसाळ्यात तर नक्कीच. चांगल्या मीटरमध्येही १५ टक्क्यांपर्यंत फरक मान्य असतो, तेव्हा १६८ आणि १८२ वरून घरात वाद नको.

साखर उतरल्यावर पेढा देणं

घाम, थरथर, चिडचिड जाणवली की मोजा, पण मोजायला वेळ लागत असेल तर वाट बघू नका. ७० च्या खाली तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी परत मोजा. अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढंच द्या. पेढा, चॉकलेट यांतल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. वोग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असेल तर साधी साखरही लवकर लागू पडत नाही, ग्लुकोज पावडरच लागते. ती आईच्या पिशवीत असते आणि एक पुडी देव्हाऱ्याशेजारी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.