बँडमध्ये गिटार वाजवणार असाल तर आधी नावांचा कागद करा

बारे कॉर्ड पकडताना हात दुखायचा थांबलाय, चार-सहा गाण्यांचे सोलो बोटांत बसलेत आणि आता कुणाच्या तरी पॉप-रॉक बँडमध्ये शिरायचंय, अशा मुलामुलींसाठी हे लिहितोय. गिटार कुठली घ्यावी आणि पेडल कुठले, यावर मी काही सांगणार नाही. त्या चर्चेत लोकांची वर्षं जातात. मला बोलायचंय ते गाण्यावर कुणाचं नाव लागतं आणि पैसा कुणाला जातो यावर, पण आधी थोडं वाजवण्याबद्दल.

बँडमध्ये सोलो मिळतो आठ मात्रांच्या दोन-चार आवर्तनांचा. बाकी सगळा वेळ रिदम. ड्रमरच्या हाय-हॅटबरोबर उजवा हात बसला नाही तर तुमच्या वेगाला कुणी विचारत नाही. माझं ठाम मत आहे की घरी बॅकिंग ट्रॅकवर वर्षभर वाजवण्यापेक्षा एखाद्या साधारण ड्रमरबरोबर जॅम रूममध्ये महिनाभर वाजवलेलं जास्त कामाला येतं. ‘तीस दिवसांत लीड गिटार’वाल्या कोर्सवर पैसे घालू नका. आणि जे सर फक्त स्वतःचे सोलो वाजवून दाखवतात, तुमच्याकडून मेट्रोनोमवर साधा डाउनस्ट्रोकसुद्धा घोटून घेत नाहीत, त्यांना नमस्कार करून दुसरे सर शोधा. ग्रेडच्या परीक्षा द्या, त्यांनी शिस्त लागते. पण ग्रेड आठ झालेला वादक गायिकेनं ऐन वेळी पट्टी बदलली की गोंधळलेला मी पाहिलाय. आपल्याकडचे बरेच गायक हार्मोनियमच्या भाषेत बोलतात. ‘माझी काळी चार’ म्हटलं की जी शार्प, ‘काळी एक’ म्हटलं की सी शार्प, हे डोक्यात पक्कं हवं. कॅपो (दांडीवर लावून पट्टी चढवायचा चिमटा) लावा, खुशाल लावा, त्यात काहीही कमीपणा नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. हा भाग शांतपणे वाचा.

आमच्या बँडचं एक गाणं माझ्या रिफवर, म्हणजे गिटारच्या परत परत येणाऱ्या छोट्या तुकड्यावर, उभं राहिलं. जॅम रूममध्ये मी वाजवत होतो, त्यावर गायकानं गुणगुणायला सुरुवात केली, मग शब्द आले. लोक आजही गाण्याची ओळख पटवताना तो रिफच तोंडानं वाजवून दाखवतात. गाणं बाहेर पडलं तेव्हा गीतकार-संगीतकार म्हणून दोन नावं होती, त्यांत माझं नव्हतं. विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘गाणं म्हणजे चाल आणि शब्द. बाकी सगळी अरेंजमेंट.’ ते गाणं कुठे लागलं की मला अजूनही त्रास होतो.

हे उत्तर तुम्हालाही कधी ना कधी मिळेल, म्हणून त्यामागचं गणित नीट समजून घ्या. एका गाण्यातून पैसा वेगवेगळ्या वाटांनी येतो. कार्यक्रमाचं मानधन ही पहिली वाट, ती रात्री संपते. दुसरी ध्वनिमुद्रणाची, म्हणजे मास्टर (मूळ रेकॉर्डिंग) ज्याच्या मालकीचा त्याची. तिसरी रचनेची, म्हणजे शब्द आणि संगीत यांची. हा पैसा आपल्याकडे १९६९ पासून आयपीआरएस ही संस्था गोळा करते आणि तो गीतकार, संगीतकार व प्रकाशकांना जातो. वादक म्हणून त्यात तुमचं स्थान नाही, संगीतकार म्हणून नाव असेल तरच. चौथी वाट कलाकाराच्या, म्हणजे परफॉर्मरच्या हक्काची. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात ती जास्त स्पष्ट झाली आणि गायक-वादकांसाठी इसामरा ही संस्था आहे. गाणं जुनं होत जातं तसतशी तिसरी वाट महत्त्वाची होते, आणि गिटारिस्ट नेमका तिथेच बाहेर राहतो.

जगातलं सगळ्यात ठसठशीत उदाहरण अँडी समर्स. ‘द पोलीस’चा गिटारिस्ट. हा बँड १९८० मध्ये मुंबईतही वाजवून गेला होता. १९८३ चं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ आठवा. पहिल्या सेकंदापासून जे तुटक, बोटं ताणून वाजवलेले ॲड नाइन कॉर्ड ऐकू येतात, ते समर्सचे. गाण्याचं श्रेय मात्र बँडचा गायक स्टिंग याचं एकट्याचं. १९९७ मध्ये रॅपर पफ डॅडीनं तोच गिटारचा तुकडा उचलून स्वतःचं गाणं केलं, तेही जगभर गाजलं, आणि रचनाकार म्हणून पुन्हा नाव लागलं स्टिंगचं. स्टिंगनं शब्द आणि चाल आणली होती हे खरंच आहे. पण गिटार काढून टाका आणि मग ते गाणं ऐकून बघा.

उलट घडलेलंही आहे. ‘प्रोकॉल हारम’ या ब्रिटिश बँडच्या १९६७ च्या ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ गाण्यात ऑर्गन वाजवणारा मॅथ्यू फिशर कोर्टात गेला. २००६ मध्ये त्याला संगीताचा ४० टक्के वाटा मिळाला, वरच्या कोर्टात पैशांचा हक्क गेला, शेवटी २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टानं, तो परत दिला. गाणं बाहेर पडल्यानंतर ४२ वर्षांनी. एवढी वाट बघायची ताकद आपल्यातल्या कुणाकडे आहे?

आपला कायदा संगीतकाराची व्याख्या करताना स्वरलिपी लिहिलीच पाहिजे असं म्हणत नाही. म्हणजे नोटेशन येत नाही म्हणून हक्क जात नाही. जातो तो पुरावा नसल्यामुळे. म्हणून जॅमचं रेकॉर्डिंग फोनवर ठेवा, तारखेसकट, आणि ते बँडच्या ग्रुपवर टाका. गाणं उभं राहिलं की त्याच आठवड्यात स्प्लिट शीट करा: गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं पॅनकार्डवरचं नाव, शब्दांत कुणाचा किती टक्के, संगीतात कुणाचा किती, खाली सगळ्यांच्या सह्या. मास्टरची मालकी वेगळ्या कागदावर. लेबलचा करार आला तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. मैत्रीत हे कसं काढायचं, असं वाटेल. काढा. स्टुडिओत जायच्या आधी काढा, कारण गाणं चाललं की प्रत्येकाची आठवण बदलते. ‘आर.ई.एम.’ या अमेरिकन बँडनं गाण्यांवर चौघा सदस्यांची नावं लावायची पद्धत ठेवली आणि तो बँड ३१ वर्षं टिकला. मला वाटतं त्यात या पद्धतीचा हात आहे.

प्रत्येक रिफ म्हणजे रचना नव्हे, हेही प्रामाणिकपणे मान्य करा. दुसऱ्यानं पूर्ण बांधून आणलेल्या गाण्यावर तुम्ही चार कॉर्ड छान वाजवलेत तर ते वादन आहे, त्याचे वादनाचे पैसे घ्या.

घाबरवायचं नव्हतं. या कामात पोट भरतं, पण एकाच बँडवर नाही. पबमधले कव्हर्सचे तीन सेट, लग्नाची संगीत, शिकवण्या, एखादं जिंगल, असं जुळवावं लागतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. कव्हर वाजवून कान तयार होतो. उशीर झालाय असं वाटत असेल तर पुन्हा समर्सकडे बघा: १९७७ मध्ये ‘द पोलीस’मध्ये आला तेव्हा तो ३४ वर्षांचा होता, बाकी दोघं पंचविशीतले.

दोन गोष्टी मात्र अजिबात चालढकल न करता करा. संगीतकारांसाठीचे इअरप्लग घ्या, कान एकदा गेले की परत येत नाहीत. आणि जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय तारांना हात लावून माइकला ओठ टेकवू नका. झटका बसतो, आणि तो जीवावर बेतू शकतो. साउंडवाला ‘काही होत नाही’ म्हणाला तरी टेस्टर लावायला सांगा, तोपर्यंत स्टेजवर चढू नका.