आडवी बाटली करायचीय? आधी वहीत तिसरा रकाना पाडा

गावातलं परवान्याचं दारू दुकान बंद करायचा रस्ता 2008 च्या सरकारी आदेशात आहे. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला की पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतात. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. आडवीला निम्म्याहून जास्त मतं पडली की दुकान बंद.

निम्मी कशाची, इथं गाडी अडते. झालेल्या मतदानाची नाही, यादीतल्या एकूण बायकांची. यादीत 800 नावं असली तर 401 मतं लागतात. घरी बसलेली बाई आपसूक उभ्या बाटलीकडे जाते.

आम्ही पहिल्या खेपेला इथंच आपटलो. मोर्चा निघाला, भाषणं झाली, आणि नऊ मतं कमी पडली.

दुसऱ्या खेपेला मी शंभर पानी वही घेतली. मी बचत गटांचं काम बघते, त्यामुळं गावातली घरं मला पाठ आहेत असं वाटायचं. तीन रकाने पाडले: नाव, गल्ली आणि ‘कुणाच्या शब्दावर येईल’. तिसरा रकाना भरायला बसले तेव्हा कळलं, निम्म्या घरांत माझं पाऊलच चालत नाही. तिथं कुणाचं चालतं ते शोधायचं. कुठं आरोग्याचं काम बघणारी आशाताई, कुठं बाळंतपणाला धावून गेलेली म्हातारी, कुठं शिवणकामवाली. वरच्या आळीत तर जिच्याशी माझं बोलणंसुद्धा नव्हतं, तिच्याच पाया पडायला गेले. पुढारीणबाईंना घरोघर फिरवू नका. बाया हो म्हणतात आणि येत नाहीत.

यादी आधीच साफ करा. मयत नावांसाठी नमुना 7, अठरा पूर्ण झालेल्या पोरींसाठी नमुना 6. सासरी गेलेल्या लेकीचं नाव तिकडं हलवायला नमुना 8 लागतो. ते काम तिच्या आईवर सोपवा, आपण फोन केला की लेक टाळते.

आमच्याकडं, बीड जिल्ह्यात, दसऱ्यानंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं. पट्टा, म्हणजे तोडणीचा हंगाम, चालू असताना मतदान लागलं तर हरलोच. म्हणून पट्टा संपून बाया गावी परतायच्या बेतानं अर्ज दिला. टोळीतल्या बायांचे फोन कुणाकडं असतात? मुकादमाच्या बायकोकडं. पहिल्या वेळी तिला आम्ही विचारलंच नव्हतं, नवरा दुकानदाराच्या बैठकीतला म्हणून. दुसऱ्या वेळी मी तिच्या ओट्यावर शेंगा फोडत तासभर बसले, दारूचा शब्द काढला नाही. उठताना तीच म्हणाली, “ताई, किती जणींना सांगायचंय?”

1992 मध्ये आंध्रात, नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंट्याच्या बाया दारूविरुद्ध उठल्या, त्याही साक्षरता वर्गात आधीपासून एकत्र बसणाऱ्याच होत्या.

सह्यांच्या पडताळणीला साहेबांसमोर ‘सही माझीच’ म्हणावं लागतं. एकटी बाई तिथं कचरते, म्हणून जावा-जावा जोडीनं उभ्या करा.

मतदानाच्या दिवशी गल्लीमागं एक बाई, हातात तिच्या गल्लीचं पान. कोण आली यावरच खूण करायची; मत कुणाला दिलं ते विचारायचं नाही, दुकानदाराच्या भावजयीलाही नाही. दुपारी दोनला खुणा मोजा. राहिलेल्यांकडं तिसऱ्या रकान्यातलीच बाई पाठवा.

आणि निकाल लागल्यावर वही गर्दीत टाकून नाचायला जाऊ नका. कोण कुणाच्या शब्दावर आली ते त्यात लिहिलंय. माझी अजून ज्वारीच्या कणगीत आहे.