आधी गुरूचे चंद्र मोजा, व्हिडिओ नंतर बघा

खगोलशास्त्र शिकायचंय म्हणून जी मुलं माझ्याकडे येतात, त्यांना मी सुरुवातीला एकही व्हिडिओ सुचवत नाही. कृष्णविवरांवर तासभर ऐकून मुलं भारावून जातात, पण गुरू सध्या आकाशात कुठे आहे असं विचारलं की गप्प होतात. या विषयाचं फुकट साहित्य इंटरनेटवर भरपूर आहे, अडतं ते क्रमापाशी. माझा क्रम असा: आधी स्वतः काहीतरी मोजायचं, मग वाचायचं, आणि व्हिडिओ सगळ्यात शेवटी.

मोजायला स्टेलॅरियम घ्या. आकाश पडद्यावर दाखवणारं हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये आणि मोबाईलवरही चालतं, पण मापं घ्यायची तर संगणकावर उतरवून घेतलेलंच बरं. आपलं ठिकाण भरा, एफ३ दाबून गुरू शोधा आणि स्पेसबारने त्याला मध्यभागी आणा. जी दाबून जमीन आणि ए दाबून वातावरण घालवा, नाहीतर गुरू मावळला की काम थांबेल. मग कंट्रोल आणि एम एकत्र दाबा. हे राहिलं तर वेळ पुढे सरकवताना चित्र गोल फिरत राहतं आणि मापं घेताना वैताग येतो. आता गुरूची तबकडी पडद्यावर साधारण १ सेंटिमीटर दिसेल इतकं जवळ जा. एवढं झालं की झूमला हात लावायचा नाही.

एल दाबून वेळ पळवा, जे दाबून आवरा. आयो हा गुरूचा चंद्र तबकडीसमोरून जाताना बरोबर मध्यावर आला की तारीख-वेळ वहीत लिहा. पुन्हा समोरूनच मध्यावर येईल तेव्हा परत लिहा. मधलं अंतर साडेबेचाळीस तासांच्या आसपास निघेल. दहा फेऱ्यांचा वेळ घेऊन दहाने भागलंत तर उत्तर आणखी नेमकं येतं. वेळ नेहमी मध्यावरची घ्या. कडेला चंद्र वळताना रेंगाळल्यासारखा दिसतो, तिथे नेमका क्षण सापडत नाही. कडेला घ्यायचं ते अंतर. पडद्यावर पट्टी धरा: आयो गुरूच्या केंद्रापासून जेमतेम ३ सेंटिमीटर लांब जातो, गॅनिमीड हा दुसरा चंद्र साडेसात. गॅनिमीडच्या एका फेरीला मात्र सात दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो.

आता गणित करा. गॅनिमीडचा काळ भागिले आयोचा काळ, आलेल्या उत्तराचा वर्ग. गॅनिमीडचं अंतर भागिले आयोचं अंतर, त्याचा घन. दोन्ही उत्तरं १६ च्या आसपास येतात. हाच केप्लरचा तिसरा नियम. त्याने १६१९ मध्ये तो ग्रहांसाठी मांडला, आणि गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेल्या या चंद्रांनाही तो तंतोतंत लागू पडतो. दोन आकडे वहीत शेजारी-शेजारी उतरले की मुलांचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्यानंतर ओपनस्टॅक्सचं खगोलशास्त्राचं मोफत पाठ्यपुस्तक उघडा आणि कक्षांचं प्रकरण वाचा. इंग्रजी सोपी आहे, आणि काय शोधतोय हे आता तुम्हाला माहीत असतं.

सूर्यासाठी नासाच्या एसडीओ यानाची रोजची छायाचित्रं बघा. एखादा ठळक डाग निवडून रोज त्याच वेळेचं चित्र उतरवून घ्या. डाग पूर्वेच्या कडेवरून पश्चिमेच्या कडेपर्यंत जायला साधारण दोन आठवडे घेतो; सूर्य स्वतःभोवती फिरतो हे त्यातून दिसतं. मात्र खऱ्या सूर्याकडे योग्य फिल्टरशिवाय दुर्बिणीतून कधीही बघू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो.

नासाचं 'आजचं खगोलचित्र' हे पान १९९५ पासून रोज चालू आहे. चित्रापेक्षा खालचा मजकूर महत्त्वाचा. रंग कुठून आले ते तिथे शोधा. हबलच्या अनेक तेजोमेघांच्या चित्रांत गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलेला असतो. डोळ्यांना ते दृश्य तसं दिसणार नाही.

थोडा सराव झाला की झूनिव्हर्सवर जा. तिथे सामान्य माणसं खऱ्या संशोधनातल्या चित्रांची वर्गवारी करतात. हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला २००७ मध्ये 'गॅलेक्सी झू' या अशाच वर्गवारीच्या प्रकल्पाची चित्रं बघताना एका दीर्घिकेजवळ विचित्र ढग दिसला. पुढे शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला आणि त्याला तिचंच नाव मिळालं.

आणि फोनवर येणाऱ्या संदेशांची तपासणी करायलाही हीच साधनं वापरा. 'या ऑगस्टमध्ये मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार' ही थाप पुन्हा पुन्हा फिरते. मूळ घटना २००३ ची: २७ ऑगस्टला मंगळ पृथ्वीच्या खूप जवळ, सुमारे ५.६ कोटी किलोमीटरवर आला होता. स्टेलॅरियममध्ये तीच तारीख टाका, मंगळावर क्लिक करा आणि कोनीय व्यास, म्हणजे आकाशात तो केवढा दिसतो ते, बघा. तो सुमारे २५ विकला येतो (एका अंशात ३६०० विकला). चंद्राचा असतो साधारण १८०० विकला. भागाकार करा आणि ज्याने संदेश पाठवला त्यालाच उत्तर पाठवा.