विधानसभेच्या उमेदवाराचं खरं म्हणणं काय, हे कसं काढायचं

निवडणूक लागली की घरात पत्रकांचा ढीग येतो, त्यावर फोटो असतो, चिन्ह असतं, विकास असतो, पण शाळा, पाणी, सरकारी दवाखाना, पोलीस भरती, जमीन या गोष्टींवर या माणसाचं स्वतःचं म्हणणं काय ते कुठेच सापडत नाही. २०२४ ला महाराष्ट्रात २८८ जागांना ४,१३६ उमेदवार उभे होते आणि त्यातल्या बहुतेकांची एकाही धोरणावरची भूमिका त्यांच्याच मतदाराला सांगता आली नसती. पण ती काढता येते, फक्त आधीपासून लागायला पाहिजे. २०२४ चंच बघा, माघारीची शेवटची तारीख ४ नोव्हेंबर, प्रचार बंद १८ ला संध्याकाळी आणि मतदान २० ला, म्हणजे फायनल यादी हातात आल्यावर जेमतेम दोन आठवडे, आणि त्या दोन आठवड्यांत उमेदवार पहाटेपासून रात्रीपर्यंत फेऱ्या आणि कोपरा सभांमध्ये अडकलेला. म्हणून विद्यमान आमदार आणि ज्यांचे 'भावी आमदार' बॅनर लागलेत ते इच्छुक, यांच्यावर काम सहा महिने आधीच सुरू करा.

पहिलं काम, प्रश्न कोणाचा आहे ते वेगळं करा. गल्लीतलं गटार महापालिका किंवा ग्रामपंचायतीचं, रेल्वे केंद्राची. आमदाराला विचारायचं ते संविधानातल्या राज्याच्या सूचीतलं, म्हणजे पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, पाणी, जमीन, महापालिका आणि पंचायतींचे कायदे. शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांकडेही आहे, पण शिक्षक भरती कधी करायची, कमी पटाच्या शाळांचं काय करायचं हे मुंबईतच ठरतं. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय एप्रिल २०२५ मध्ये निघाला आणि जूनअखेर मागे घेतला तो राज्य सरकारनेच. यातले तीनच मुद्दे निवडा, जे तुमच्या घराला लागू पडतात, वीस मुद्दे घेतले की एकाचंही धड उत्तर मिळत नाही.

आता उमेदवार आधी आमदार असेल तर सगळ्यात मोठा खजिना म्हणजे सभागृहातली त्याची पाच वर्षं, आणि इथे जरा नीट वेळ द्या. लोक विचारतात त्याने कुठल्या विधेयकाला मत दिलं, पण आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने पास होतात, जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये विधानसभेत तसंच पास झालं, आणि आवाजी मतदानात कोण हो म्हणालं कोण नाही याची नावनिशी नोंद राहत नाही, कोणी मतविभाजन, म्हणजे मतं मोजून घेणं, मागितलं तरच राहते. त्यामुळे मत शोधत बसू नका, प्रश्न आणि भाषणं शोधा. विधानमंडळाच्या वेबसाइटवर तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या) प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात, त्यात 'हे खरे आहे काय' करत आमदारांनी विचारलेलं आणि खाली मंत्र्यांचं उत्तर. एकेका प्रश्नाखाली भरपूर आमदारांची नावं असतात, पहिलं नाव कोणाचं ते बघा, मागच्या रांगेत नाव असणं म्हणजे त्याने अभ्यास केलाय असं नाही. मग लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदाराने आणलेलं) मांडलंय का, अर्थसंकल्पावर बोलला असेल तर कुठल्या खात्यावर बोलला. एखादा पाच वर्षं फक्त बदल्या आणि ठेकेदारांबद्दल विचारत असेल आणि प्रचारात शेतकरी शेतकरी करत असेल तर तुम्हाला उत्तर मिळालं. तो मंत्री होता तर प्रश्न सापडणार नाहीत कारण मंत्री उत्तर देतात, विचारत नाहीत, तेव्हा त्याच्या खात्याचे शासन निर्णय वाचा, तेही सरकारी वेबसाइटवर फुकट आहेत. मुंबईकरांसाठी प्रजा फाउंडेशन ही संस्था आमदारांची प्रगतीपुस्तकं काढतं, ती जरूर बघा, पण मार्कांवर थांबू नका, प्रश्नांचा विषय बघा.

उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्राबद्दल थोडक्यात, कारण त्यात भूमिका नसते. या प्रतिज्ञापत्रात, म्हणजे फॉर्म २६ मध्ये, गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण असतं, निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर किंवा एडीआर या संस्थेच्या मायनेता साइटवर मिळतं. उपयोग एवढाच की उमेदवाराच्या साखर कारखान्यात, शिक्षण संस्थेत किंवा बांधकाम कंपनीत शेअर्स असतील तर त्या विषयावर त्याला जास्त टोकदार विचारा.

जाहीरनामा पक्षाचा असतो, उमेदवाराचा नाही, तरी वाचाच, आणि वाचताना पेन्सिलने एकच गोष्ट लिहीत जा, पैसे कुठून. २०२४ ला महायुतीने लाडक्या बहिणींना १,५०० चे २,१०० करू म्हटलं आणि महाविकास आघाडीने महिलांना ३,००० देऊ म्हटलं, शेतकरी कर्जमाफी दोघांच्याही यादीत. निवडणूक आयोगाच्या आचारसंहितेतच लिहिलंय की आश्वासनामागचं कारण आणि पैसा उभा करायचा मार्ग साधारणपणे दाखवायला हवा, तेव्हा हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही, तुमचा हक्क आहे.

आता प्रत्यक्ष विचारणं, ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. 'आरोग्यासाठी काय करणार?' असं विचारू नका, त्याला 'सुसज्ज हॉस्पिटल उभारणार' हेच उत्तर येतं, कुठलाही पक्ष असो. ज्या प्रश्नात कोणीतरी नाराज होणारच आहे असा प्रश्न विचारा, कारण भूमिका तिथेच दिसते. पैठणच्या जायकवाडी धरणाचं उदाहरण घ्या. पाऊस कमी झाला की २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातल्या समन्यायी वाटपाप्रमाणे नाशिक आणि अहिल्यानगरच्या वरच्या धरणांतून पाणी खाली सोडावं लागतं, २०२३ मध्ये ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याचा आदेश निघाला तेव्हा दोन्हीकडे आंदोलनं झाली. अशा वेळी एकाच पक्षाची माणसं वरच्या भागात एक बोलतात आणि पैठणला दुसरं. मग प्रश्न असा करायचा, 'पुढच्या दुष्काळात वरच्या धरणांतून पाणी सोडायला तुमचा पाठिंबा आहे का, हो की नाही, आणि पक्षाची भूमिका वेगळी असेल तर जाहीर बोलाल का?' शाळेचं असंच, 'वीसपेक्षा कमी पट असलेली वस्तीवरची शाळा चालू ठेवणार की आसपासच्या शाळा एकत्र करून केलेल्या समूह शाळेत घालणार, आणि घालणार असाल तर पोरांना रोज नेणार कोण?'

हे लेखी द्या, सगळ्या उमेदवारांना शब्दन् शब्द तेच प्रश्न, तारीख घालून, आणि उत्तरासाठी आठवडा द्या. उमेदवाराच्या पीएला किंवा प्रचार कार्यालयात द्या, पोच घ्या. एकट्याने पाठवलेलं बाजूला पडतं, सोसायटी, महिला बचत गट, शाळेची व्यवस्थापन समिती, शेतकरी गट यांच्या नावाने गेलं की उत्तर यायची शक्यता वाढते. सगळ्यांना एका स्टेजवर बोलवायचं असेल तर फार छान, पण आचारसंहितेत सभेला परवानगी लागते, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या ऑफिसात आधी विचारून घ्या. सभेत तोंडी विचारणार असाल तर आधी 'दादा', 'ताई' जे काय म्हणत असाल ते म्हणा पण प्रश्न लिहून आणलेलाच वाचा, नाहीतर माईक हातात आल्यावर आपण भाषण करतो आणि प्रश्न राहून जातो. कार्यकर्ते म्हणतील साहेबांना उशीर होतोय, तेव्हा नम्रपणे म्हणा की लेखी दिलंय, उत्तर लेखी चालेल.

एक गोष्ट डोक्यात ठेवा, व्हिप, म्हणजे सभागृहात मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षाचा व्हिप मोडून मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते, त्यामुळे 'मी विरोधात मत देईन' हे वचन पक्षाच्या उमेदवाराकडून फारसं घेऊ नका. त्यापेक्षा विचारा, पक्षाच्या बैठकीत हा मुद्दा मांडाल का, सभागृहात प्रश्न विचाराल का, अशासकीय विधेयक आणाल का. हे त्याच्या हातात आहे आणि नंतर तपासताही येतं. अपक्षाला उलट विचारा, कोणाचं सरकार आलं तर पाठिंबा द्याल आणि कुठल्या अटीवर, बहुमताला १४५ लागतात तेव्हा अपक्षाचं हे उत्तर फार मोलाचं असतं.

उत्तरं आली की एका कागदावर उमेदवार आणि मुद्दा असा तक्ता करा, त्याचेच शब्द लिहा, आपलं तात्पर्य घालू नका. ज्याने दिलं नाही त्याच्यापुढे 'उत्तर आलं नाही' एवढंच, 'घाबरला' वगैरे नको. व्हिडिओ अर्धवट कापून टाकू नका, आणि निवडणुकीच्या काळात उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटं पसरवणं गुन्हा आहे हे ग्रुपमधल्या उत्साही मंडळींना आधीच सांगून ठेवा. तक्ता प्रचार संपायच्या चार-पाच दिवस आधी बाहेर काढा म्हणजे ज्याचं उत्तर चुकीचं उतरलंय त्याला दुरुस्त करायला वेळ मिळतो, आणि कागदाची एक प्रत फाइलला लावून ठेवा, निवडून आलेल्याचं पहिलं अधिवेशन झालं की प्रश्नांच्या यादीशी लावून बघायला तीच लागणार आहे.