शाब्दिक उदाहरणाचं समीकरण कसं मांडावं

उदाहरण दोनदा वाचा, काय विचारलंय त्याखाली रेघ मारा, सगळी मापं एकाच एककात आणा. खरं काम यानंतर: वाक्याचं समीकरण करणं. मुलं अडतात ती इथेच.

आधी एक सल्ला डोक्यातून काढून टाका: 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी. "25 नारळ विकले, 40 उरले, तर आधी किती होते?" यात 'उरले' आहे आणि करायची आहे बेरीज. असल्या सल्ल्यानं मूल वाक्य वाचायचंच सोडतं आणि शब्द हुडकत बसतं.

1. क्ष म्हणजे काय ते पूर्ण वाक्यात लिहा. पुढच्या उदाहरणात 'क्ष = माड' चालणार नाही. माड ही वस्तू, क्ष ही संख्या.

2. क्षच्या जागी आधी एखादा आकडा धरा. समजा, पाडेलीने (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याने) दोन दिवसांत 80 माडांचे नारळ उतरवले. दुसऱ्या दिवशीचे माड पहिल्या दिवसाच्या दुपटीपेक्षा 10 ने कमी. पहिल्या दिवशी किती? 20 धरा. दुप्पट 40, त्यातून 10 गेले, राहिले 30. दोन्ही दिवसांचे 50. हवे होते 80. उत्तर चुकलं तर चुकू दे. 20 वर आपण काय काय केलं, तेवढंच हवंय. आता 20 खोडून तिथे क्ष लिहा:

क्ष + (2क्ष − 10) = 80

3क्ष = 90, क्ष = 30.

कंसाचा घोळही यानेच सुटतो. '10 ने कमी केलेल्या संख्येची दुप्पट' असं असतं, तर 20 चे आधी 10 झाले असते आणि मग दुप्पट, म्हणजे 2(क्ष − 10). नियम पाठ करून हा फरक पक्का होत नाही, आकडा धरून केला की होतो. आकडा धरणं म्हणजे अंदाजपंचे, असं म्हणून ही पायरी गाळू नका.

टक्केवारीत तर ती हवीच. मासेमारी बंदीत बांगड्याचा भाव 25 टक्के वाढून किलोला 250 रुपये झाला, आधी किती होता? पुष्कळ जण 250 चेच 25 टक्के वजा करून 187.50 लिहितात. पण वाढ जुन्या भावावर झाली. 100 धरला तर 125 होतो, म्हणून 1.25क्ष = 250 आणि क्ष = 200.

3. सोडवा.

4. पडताळा मूळ वाक्यात घ्या, समीकरणात नव्हे. समीकरणच चुकीचं मांडलं असेल, तर चुकीचं उत्तरही त्यात चपखल बसतं. 30 ची दुप्पट 60, 10 कमी म्हणजे 50. 30 आणि 50 मिळून 80. जमलं.

भूमितीत आधी आकृती. दोन पाख्यांचं, म्हणजे दोन बाजूंना उतरत्या छपराचं कौलारू घर, रुंदी 8 मीटर, लांबी 10 मीटर, आढं (दोन्ही पाखी जिथे मिळतात ती वरची कड) भिंतीच्या माथ्यापासून 3 मीटर वर. काटकोन त्रिकोणाचा पाया 8 नाही, 4. आढं मधोमध असतं. 4² + 3² = 25, म्हणून पाख्याची उतारावरची लांबी 5 मीटर. भिंतीबाहेर उतारावर अर्धा मीटर छप्पर येत असेल तर 5.5. क्षेत्रफळ 2 × 5.5 × 10 = 110 चौरस मीटर. चौरस मीटरला 15 कौलं धरली तर 1650, फुटतूट वेगळी. आढ्याची उंची मात्र जमिनीपासून मोजून 3 च्या जागी घालू नका. त्रिकोण भिंतीच्या माथ्यावर सुरू होतो.